मुका लॅपटॉप आणि हाज मिफ्लेहची कॉफी

कॉफी: वाफाळती

हाज मिफ्लेहनी कॉफीचा इवलासा कप हातात घेतला, समोरच्या तिपाईवर ठेवला आणि तो कप आपल्या ओळखीचा नाही अशा चेहऱ्यानं भिंतीकडे पाहिलं. दिवाणखान्यातल्या बावीस पुरुषांनी समाधानानं मान डोलावली. आता मागणी रीतसर झाली होती. इर्बिदमध्ये मुलगी मागायला वडीलधाऱ्यांची जाहा आली, की तिचा म्होरक्या असंच करतो. मागितलेलं पदरात पडेपर्यंत तो कॉफीला ओठ लावत नाही. मग मुलीकडचा थोरला म्हणतो, "प्या तुमची कॉफी, मुलगी तुमची." मग कप उचलायचा. मग आतून बायकांचा जल्लोष, मग चीज भरलेली गरम मिठाई, कुनाफा, मग बाकी सगळं.

आज अडचण एवढीच होती, की मुलीकडचा थोरला शारजात होता, आणि टीव्हीच्या पडद्यावर तो नुसतेच ओठ हलवत होता.

"आवाज?" हाज मिफ्लेहनी विचारलं. सैन्यातून निवृत्त होताना त्यांनी बंदूक परत केली होती, पण मिशी ठेवून घेतली होती. ती इतकी दाट होती, की ते बोलत असताना बोलतंय कोण हे शेजारी बसलेल्यालाही शोधावं लागे.

"येतोय, हाज. एकच मिनिट," टीव्हीच्या टेबलाखालून उत्तर आलं.

टेबलाखाली कुतैबा होता. कुतैबा म्हणजे नवरा मुलगा. अशा दिवशी नवऱ्या मुलानं कोपऱ्यातल्या खुर्चीवर मान खाली घालून, हात मांडीवर ठेवून बसायचं असतं. त्यानं मान खाली घातली होती, एवढं खरं. पण हात तारांमध्ये होते आणि मंडळींच्या दिशेला त्याचा चेहरा सोडून बाकीचा कुतैबा होता.

त्याआधीचा शुक्रवार. कॉफीचा संबंध नाही.

"अम्मो, हा लॅपटॉप म्हातारा झालेला नाही," कुतैबा रुबाच्या, म्हणजे होऊ घातलेल्या नवरीच्या, वडिलांना, अबू गालिबना, सांगत होता. अम्मो म्हणजे काका. "याच्या डोक्यावर ओझं फार टाकलंय. मी आतली जुनी प्रणाली काढून लिनक्स घालून देतो. हरणासारखा पळेल."

"पळायला कशाला पाहिजे? बोलला म्हणजे झालं," अबू गालिब म्हणाले. "शारजात फोनवरचे फुकटचे कॉल चालत नाहीत. दर शुक्रवारी भावाशी यावरूनच बोलतो मी."

"बोलेल की. आजच्यापेक्षा गोड बोलेल."

रुबाचा भाऊ गालिब मोबाइलचं दुकान चालवायचा. त्यानं चहा ढवळत विचारलं, "या लिनक्सला पडतात किती?"

"काहीच नाही. फुकट."

"तरीच."

"तुझ्या दुकानातला एक तरी फोन उघडून बघ, आत हेच आहे."

गालिबनं भुवया वर केल्या आणि जीभ टाळूला लावून वाजवली. "च्च." इर्बिदमध्ये 'नाही' म्हणायला तेवढं पुरतं.

कुतैबानं मनावर घेतलं. तो कॉलेजात संगणक शिकवायचा. भंगारात निघालेल्या तीस यंत्रांना त्यानं लिनक्स पाजून पुन्हा उभं केलं होतं, तर हा एक लॅपटॉप काय चीज. दुपारभर बसून त्यानं वायफाय जागं केलं. पडद्याचा उजेड कमी-जास्त करणारी बटणं वळणावर आणली. उलट्या बाजूला धावणारा माउस सुलट केला. शेवटी, दारात उभी राहून बघणाऱ्या रुबासाठी, ईदला आईच्या हातून तिला पाठवलेला छोटा बिनतारी स्पीकर जोडला आणि एका फाइलमध्ये एक ओळ लिहिली. त्यासरशी गाणं लॅपटॉपमधून उडी मारून रुबाच्या तळहातावर गेलं. रुबा हसली. त्या हसण्यात तो ती ओळ साफ विसरला.

निघताना अबू गालिबनी त्याला जिन्यात गाठलं. "भावाचा निरोप आलाय. तीन अटी आहेत त्याच्या."

पहिली, लग्न दोन वर्षांनी. दुसरी, कुतैबानं कॉलेज सोडून या भावाच्या, म्हणजे अबू फव्वाजच्या, शारजातल्या एसीच्या गोदामात कामाला लागायचं. तिसरी, लग्नानंतर रुबानं रक्त तपासायच्या लॅबमधली नोकरी सोडायची.

"तुम्हाला काय वाटतं, अम्मो?"

"मला?" अबू गालिबनी मागं वळून पाहिलं, कुणी ऐकत नाही ना म्हणून. "मला काय वाटायचंय? थोरला तो आहे."

हाज मिफ्लेहच्या कानावर अटी घातल्या तेव्हा ते म्हणाले, "आधी त्याला तोंड उघडू दे. मग मी बघतो." कुतैबानं मात्र तिन्ही गिळायची तयारी करून ठेवली होती. रुबासाठी माणूस काय गिळत नाही? फक्त ते गोदाम काही केल्या घशाखाली जात नव्हतं.

कॉफी: गरम म्हणता येईल अशी

"सकाळी तर बोलत होता," अबू गालिब हळूच म्हणाले.

ते खरं होतं. सकाळी कुतैबानं सगळं तपासलं होतं. टीव्हीला तार लावली, कॅमेऱ्यात फक्त हाज मिफ्लेहची खुर्ची, तिपाई आणि कप येईल असा कोन साधला. त्याच टीव्हीतून बातम्यांचा आवाज गल्लीच्या टोकापर्यंत गेला होता. आणि आता अबू फव्वाज पांढराशुभ्र अंगरखा घालून, डोक्यावरच्या रुमालावर काळं कडं नीट बसवून, हात हलवून हलवून काहीतरी सांगत होते आणि इकडे मुंगीच्या पावलाचाही आवाज नव्हता.

"फोन लाव ना त्यांना साधा," कुणीतरी सुचवलं.

"लावला. बंद आहे," गालिब म्हणाला. "मंगल प्रसंगी फोन वाजू नये म्हणून बंद केलाय म्हणे. दुपारीच सांगितलं होतं मला, तुम्हीही करा म्हणून."

"लिहून कळवा."

"लिहिणं-वाचणं सगळं कारकून करतो त्यांचं. आज शुक्रवार, कारकून सुट्टीवर."

कुतैबानं आवाजाची पट्टी तळापासून टोकापर्यंत नेली. काही नाही. आवाज कुठं कुठं जाऊ शकतो याची यादी उघडली. तीन नावं होती. पोटातला भोंगा, टीव्हीची तार, आणि तिसरं म्हणजे नुसती आकड्या-अक्षरांची माळ. असलं एखादं भूत प्रत्येक यादीत असतं. कुतैबानं भुताकडे दुर्लक्ष केलं आणि यंत्राला थेट आज्ञा टाइप करायची काळी खिडकी उघडली.

काळ्या खिडकीतला संवाद, थोडक्यात:

आवाज आहे का?
आहे.
मग गेला कुठं?
जिथं पाठवायचा तिथं पाठवला.
पोचला का?
पोचला.
मग ऐकू का येत नाही?
ही आज्ञा ओळखीची नाही.

कॉफी: कोमट

पडद्यावर अबू फव्वाजनी तीन बोटं वर केली.

"तीन मिनिटं थांबा म्हणतोय," मागच्या रांगेतून अबू रिझिक म्हणाले. ते कुतैबाचे शेजारी. जाहात माणसं कमी पडू नयेत म्हणून आले होते आणि आता कुनाफासाठी थांबले होते.

सगळे तीन मिनिटं थांबले. अबू फव्वाजही थांबले. ते कपाकडे बघत होते. मग त्यांनी हाताचा पंजा पुढे करून काहीतरी म्हटलं आणि पुन्हा कपाकडे बघितलं.

"कपात काय बघतोय तो सारखा?" हाज मिफ्लेह पुटपुटले. मिशी जागची हलली नाही.

स्वयंपाकघराच्या दारावर टकटक झाली. गालिब जाऊन ऐकून आला आणि कुतैबाशेजारी उकिडवा बसला. "आई विचारतेय, अजून किती वेळ? कुनाफा शेगडीवर आहे. आतलं चीज आवळायला लागलंय. एकदा आवळलं की त्याच्यानं चप्पल शिवता येते."

"दोन मिनिटं."

"तुझ्या या लिनक्सला थोडे पैसे देऊन बघू या का? फुकटात काम करायचं जिवावर आलं असेल त्याच्या."

 कुतैबानं टीव्हीची तार उपसून पुन्हा खोचली. आवाज आला नाही, पण अबू फव्वाज आडवे झाले. पडद्यावर ते आता झोपून बोलत होते. दिवाणखान्यातल्या बावीस माना डाव्या खांद्याकडे कलल्या. कॅमेऱ्यासमोर हाज मिफ्लेहचीही कलली, सावकाश, एखाद्या जुन्या मशिदीचा मिनार कलावा तशी.

ती कललेली मान बघून अबू फव्वाजनी हात आवरते घेतले. मग दोन बोटं वर केली. आडवी.

"दोन मिनिटं," अबू रिझिकनी भाषांतर केलं.

"घड्याळ उलटं चालतंय का याचं? मघाशी तीन, आता दोन?"

"उलटं कसं? बरोबरच चाललंय की. तीनानंतर दोनच येतात."

कुतैबानं खिशातून स्वतःचा फोन काढला आणि जगातले सगळे लिनक्सवाले जिथं आपलं दुखणं मांडतात त्या ठिकाणी शोध घेतला. चार वर्षांपूर्वी 'राखाडी उंट' अशा नावाच्या कुणीतरी अगदी हेच लिहिलं होतं: "सकाळी आवाज होता. संध्याकाळी नाही. यंत्र म्हणतं, पोचला. मदत करा, पाहुणे बसलेत." खाली अकरा जणांचे सल्ले होते. त्यातले चार एकमेकांची अक्कल काढणारे होते. शेवटी पुन्हा राखाडी उंट: "सुटलं. धन्यवाद."

"अरे पण कसं सुटलं ते सांग ना, लेका!" कुतैबा मोठ्यानं ओरडला.

अख्खी जाहा त्याच्याकडे वळली.

"हे कोणाला?" हाज मिफ्लेहनी विचारलं.

"एका उंटाला, हाज. माफ करा."

 हाज मिफ्लेह अबू गालिबकडे वळून समजूत घातल्यासारखं म्हणाले, "मुलगा चांगला आहे. आज जरा दडपणाखाली आहे."

कॉफी: हे बोट घालून बघितल्याशिवाय सांगता येणार नाही, आणि बोट घालणं शोभत नाही

आता एकच बोट वर होतं. अबू फव्वाज उभे झाले होते, म्हणजे चित्र सरळ झालं होतं. कपाळावर घाम दिसत होता.

"एक मिनिट," चार-पाच जण एकदम म्हणाले.

कुतैबानं ध्वनीचा सगळा कारभार बंद करून पुन्हा चालू केला होता. फाइली उघडल्या होत्या, त्यातल्या ओळी घाईघाईत वाचल्या होत्या, काही पुसल्या होत्या, पुसलेल्या परत लिहिल्या होत्या. आता त्याच्या मनात एक वेगळीच भीती बसली होती. या बावीस जणांसमोर, ज्या घरात आठ दिवसांपूर्वी एक धडधाकट बोलता लॅपटॉप होता, त्या घराला त्यानं मुकं केलं होतं. ज्याला लॅपटॉप सांभाळता येत नाही त्याच्या हातात मुलगी कशी द्यायची, असं कुणी म्हटलं नव्हतं. पण अबू गालिबची जपमाळ मघापेक्षा भरभर फिरत होती.

"अम्मो, मी जुनंच सगळं परत घालून देतो," तो हळूच म्हणाला. "उद्याच."

"उद्याचं उद्या," अबू गालिब म्हणाले. "आज तो कप उचलला गेला पाहिजे. भावानं एकदा डोक्यात राख घालून घेतली, की तो वर्षभर बोलत नाही कुणाशी."

"आत्ताही बोलतच नाहीये," गालिब म्हणाला.

तेवढ्यात पडद्यावर काहीतरी विपरीत घडलं. अबू फव्वाजनी डोक्यावरचं काळं कडं काढलं. मग रुमाल काढला. दोन्ही टेबलावर, कॅमेऱ्यासमोर ठेवले. त्यांचं टक्कल दिवाणखान्यात पहिल्यांदाच सर्वांना दिसलं.

"एसीवाल्याचाच एसी बंद पडलेला दिसतोय," अबू रिझिक म्हणाले.

हाज मिफ्लेह मात्र खुर्चीत पुढे झुकले. "गप्प बस रे. रुमाल असा समोर ठेवणं म्हणजे गयावया करणं. मी वाळवंटात दोन टोळ्यांचा तंटा मिटवलाय, मला माहीत आहे." ते थांबले. "पण हा कुणापुढे गयावया करतोय? आणि कशासाठी? आम्ही तर मुलीपलीकडे अजून काही मागितलंच नाही."

कुतैबानं डोळे मिटले. माहीत होती तेवढ्यातली शेवटची आज्ञा टाइप केली. मनातल्या मनात 'बिस्मिल्ला' म्हटलं आणि बटण दाबलं.

आणि टीव्ही गरजला.

"...नको ती दोन वर्षं! नको गोदाम! पोरगी शंभर वर्षं रक्त तपासू दे! एकही अट नाही, हाज मिफ्लेह, माझ्या बापाच्या कबरीची शपथ, एकही नाही! आता तरी कॉफी प्या! माझी इज्जत तुमच्या त्या कपात आहे!"

खिडकीच्या काचा थरथरल्या. बावीस माणसं पुतळे झाली. कुतैबाचं डोकं टेबलाला खालून आदळलं.

हाज मिफ्लेहनी इकडे पाहिलं नाही, तिकडे पाहिलं नाही. मिशीला एक पीळ दिला. कप उचलला. ती बर्फासारखी गार, कडू कॉफी एका घोटात संपवली, चेहऱ्यावर सुरकुती न पाडता, आणि रिकामा कप कॅमेऱ्याला दाखवला.

आतल्या खोलीतून बायकांच्या जिभा जल्लोषात एकदम सुटल्या. गल्लीतली कबुतरं उडाली.

"वा!" पडद्यावर अबू फव्वाज रुमाल पुन्हा डोक्यावर चढवत होते. "पन्नास जाहा पाहिल्या मी, पण असा खमका माणूस पाहिला नाही. एक शब्द नाही. विनवणी नाही. मी आपला विचारतोय, आता तरी पिणार? आणि तुमचं आपलं तेवढंच. 'च्च.'"

हाज मिफ्लेहनी आयुष्यात कधी सभेत जीभ वाजवली नव्हती. त्यांनी क्षणभर विचार केला. पण झालेलं कौतुक नाकारणं उद्धटपणाचं दिसलं असतं.

"मुलाकडची बाजू मांडावी लागते," ते म्हणाले.

कुनाफा: दातांना आव्हान

तरीही सगळ्यांनी खाल्ला. गालिबनं कुतैबाच्या पाठीवर थाप मारली. "मानलं, लिनक्सवाल्या. किती आज्ञा दिल्यास शेवटी?"

"एकच," कुतैबा म्हणाला. "पण योग्य."

घरी गेल्या गेल्या त्यानं राखाडी उंटाच्या प्रश्नाखाली सविस्तर उत्तर लिहिलं. पायरी पहिली ते पायरी नववी. शेवटी लिहिलं, 'काही लोक उपाय सापडल्यावर स्वतःपाशीच ठेवतात. मी तसा नाही.'

मंगळवार. चहा.

साखरपुडा होणार हे ठरल्यावर कुतैबाला आता उघडपणे येता येत होतं. अबू गालिबच्या गॅलरीत तो आणि रुबा बसले होते. दार सताड उघडं होतं आणि आत रुबाची आई, उम्म गालिब, मोठमोठ्यानं भांडी लावत होत्या. कुतैबा नऊही पायऱ्या क्रमवार सांगत होता. रुबा ऐकत होती.

"ही नववी आज्ञा किती वाजता दिलीस?" तिनं विचारलं.

"पाच वाजून बारा मिनिटांनी. घड्याळ समोरच होतं."

रुबानं ओढणीखालून छोटा बिनतारी स्पीकर काढून टेबलावर ठेवला. "मी पाच वाजून बारा मिनिटांनीच हा बंद केला."

कुतैबानं स्पीकरकडे पाहिलं. मग आकड्या-अक्षरांची ती माळ त्याच्या डोळ्यांपुढे आली, आणि मग ती विसरलेली ओळ: जो शेवटी जोडला जाईल, आवाज त्याला.

"तुम्ही सगळे बसलात, तेव्हा मी गाण्यांसाठी हा चालू केला," रुबा म्हणाली. "तर पहिलाच आवाज आला शारजाच्या अम्मोंचा. आम्हाला वाटलं, बायकांनाही ऐकू यावं म्हणून तूच सोय केलीस. तुझ्या आईच्या तर डोळ्यांत पाणी आलं. 'माझ्या पोराचं कसं बारीकसारीक लक्ष असतं,' म्हणाली."

"म्हणजे अम्मो... आधीपासूनच?"

"पहिल्याच मिनिटाला म्हणाले. 'तीन अटी आहेत, मुलगी तुमची, कॉफी प्या.' तुमच्यातल्या कुणी कपाला हातच लावला नाही. इतर बायकांना वाटलं, हाज मिफ्लेह अडून बसलेत."

"आणि तुला?"

"मी दाराच्या फटीतून बघितलं. ज्याला ऐकू येतंय तो माणूस टेबलाखाली नसतो."

"मग सांगितलं का नाहीस!"

"सांगायलाच उठले होते, देवाशप्पथ. तेवढ्यात अम्मो म्हणाले, 'बरं, दोन वर्षांचं राहू द्या, दोनच अटी.'" तिनं चहाचा घोट घेतला. "मग बसले."

आत भांड्यांचा आवाज थांबला होता.

"पण ते 'च्च'?" कुतैबानं विचारलं. "हाज मिफ्लेहनी काही केलं नाही. मी तिथंच होतो."

"याच्यात माइकसुद्धा असतो ना? चित्र तुमच्या खोलीतलं आणि कान आमच्या खोलीत. आम्ही सगळ्या अम्मोंच्या अदबीनं चिडीचूप. फक्त हज्जा फिद्दा माझ्या शेजारी बसली होती." हज्जा फिद्दा म्हणजे रुबाच्या वडिलांची आत्या. वय नव्वद. आवाज पुरुषी, ऐकू येणं शून्य. "तिच्या कवळीत सुकलेला जर्दाळू अडकला, की ती जिभेनं तो सोडवत बसते. अम्मो विचारायचे, 'आता तरी पिणार?' आणि हिची जीभ, 'च्च.'"

"म्हणजे निव्वळ योगायोग," कुतैबानं सुटकेचा श्वास सोडला.

"पहिल्या वेळी, हो."

तो तिच्याकडे बघत राहिला. रुबा गॅलरीबाहेर बघत होती.

"पुढचे दोन जर्दाळू मी भरवले," ती म्हणाली. "एक गोदामासाठी, एक माझ्या लॅबसाठी. मग अटी संपल्या आणि मी बटण दाबलं."

 कुतैबानं विचारलं, "हाज मिफ्लेहना सांगायचं का हे?"

"त्यांना येत्या शुक्रवारी दोन जाहांची बोलावणी आहेत. खास अम्मोंच्या शब्दावर." रुबानं भुवया उंचावल्या आणि जीभ वाजवली. "च्च."

घरी येऊन कुतैबानं राखाडी उंटाचं पान उघडलं. त्याच्या नऊ पायऱ्यांखाली सात जणांनी आभार मानले होते. दोघांचा तर म्हणे प्रश्नही सुटला होता. एकानं विचारलं होतं, "पण नेमकं कशामुळं झालं? जरा नीट समजावून सांगाल का?"

कुतैबानं दोनदा लिहायला घेतलं आणि दोनदा थांबला. मग पहिली ते नववी, सगळ्या पायऱ्या पुसून टाकल्या. चार वर्षांपूर्वी त्या उंटाच्या घरी कोण पाहुणे बसले असतील, हे त्याला आता साधारण कळलं होतं.

रिकाम्या जागेत त्यानं लिहिलं:

"सुटलं. धन्यवाद."